सोडून दिला म्हणजे झालं?



उन्हाळी शिबिरांचे फॉर्म सध्या घरोघरच्या मोबाईलवर फिरतायत. त्यातल्या एका शिबिराला आपल्या ओळखीतल्या सात-आठ घरांतली लेकरं जाणार आहेत. आयांनी सगळं आधीच विचारून ठेवलंय. जेवण शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण-बटाटा नाही, पाणी गाळलेलं, सूर्यास्ताच्या आत ताटं उचललेली. आणि त्याच फॉर्मवर, घोड्यावर बसणे आणि दोरीवरून चालणे यांच्या मधे एक ओळ आहे : 'फिशिंग, कॅच अँड रिलीज'. म्हणजे शेततळ्यात गळ टाकायचा, मासा लागला की वर काढायचा, त्याच्यासोबत फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा.

ग्रुपवर मी विचारलं, ही ओळ कोणी वाचली का? उत्तर आलं, "काकू, मारत नाहीत ना. सोडून देतात. मग काय हरकत आहे?" त्याखाली अकरा अंगठे.

हरकत आहे, आणि ती सांगायला एक अंगठा पुरणार नाही म्हणून हा लेख. पाण्यातला जो जीव डोळ्याला दिसतसुद्धा नाही, त्याच्यासाठी आपण पातेल्यावर दुहेरी कापड धरतो. माझी आजी त्या कापडावर राहिलेली जिवाणी वाटीभर पाण्याने धुऊन परत त्याच विहिरीत सोडायची, आणि तीही वरून फेकून नाही, पोहऱ्यातून अलगद. सोडणं म्हणजे काय हे आपल्याला कुठल्या शिबिराने शिकवायला नको. पण हौसेने गळ टाकणारा जे सोडतो ते काय असतं, हे बघायला हवं. आणि ते कळण्यासाठी त्या माणसाला कंटाळा कधी येतो हे आधी बघावं लागतं.

आजच्या रूपातली ही हौस साहेबांबरोबर आपल्याकडे आली. मद्रास इलाख्यातल्या थॉमस नावाच्या अधिकाऱ्याने १८७३ सालीच हिंदुस्थानातल्या नद्यांत गळाने मासे कसे धरावेत यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. मुंबईच्या पवई तलावावर गळवाल्यांची संघटना कितीतरी वर्षांपासून आहे. ही मंडळी काय म्हणतात? आम्हाला मासा खायचा नसतो. आम्हाला कसब लागतं, धीर लागतो, पाणी वाचावं लागतं. जिथे मासे पाळून सोडलेले असतात आणि गळ पडला रे पडला की लागतात, तिथे आम्हाला दोन दिवसांत कंटाळा येतो. याउलट तीन दिवस काठावर बसून एकही मासा लागला नाही, तरी चौथ्या दिवशी पहाटे आम्ही हजर.

यावर इंग्लंडमधल्या स्क्यूज नावाच्या एका वकिलाने एक छोटी गोष्ट लिहिली आहे. १९३२ साली ती त्याच्या पुस्तकात आली. हा गृहस्थ स्वतः जन्मभर नदीकाठी गळ घेऊन उभा राहिलेला, त्या हौसेतला मोठा जाणकार. माझ्या भाच्याने ती मला वाचायला पाठवली, ती थोडक्यात सांगते.

कॅस्टवेल नावाचा एक हौशी माणूस मरतो. आयुष्यभर त्याने असंख्य मासे धरलेले. वर गेल्यावर त्याला एका सुंदर नदीकाठच्या घरात नेतात. उत्तम काठी, सोबतीला एक रखवालदार. समोर पाण्यात मासा. पहिल्याच फेकीला अडीच पौंडाचा मासा लागतो. कॅस्टवेल खूश, स्वर्गच हा! त्याच जागी दुसरा मासा येतो. पुन्हा अडीच पौंड. तिसरा, चौथा, तसाच. जरा वेळाने तो म्हणतो, आता पुढे जाऊ. रखवालदार म्हणतो, नाही, इथला मासा अजून धरायचाय. आणि तिथला मासा कधी संपतच नाही. अंधार पडत नाही, थांबायला मुभा नाही, प्रत्येक फेकीला तेवढाच मासा. शेवटी वैतागून त्याच्या तोंडून नरकाचं नाव निघतं, आणि रखवालदार नुसता होकार देतो.

गोष्ट लिहिणारा जैन नाही, मांसाहार सोडलेलाही नाही. तरी त्याने कबूल केलं की मासे मिळतच राहणं हाच मासे धरणाऱ्याचा नरक.

आता हे असं का? मी १९८१ ची बी.कॉम., मराठवाडा विद्यापीठाची. अर्थशास्त्राच्या पेपरला आम्हाला घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम होता. पहिला लाडू अमृत, चौथा कसाबसा, सहाव्याला हात जोडायचे. पहिल्यांदा मला वाटलं तेच असेल. पण जुळत नाही. लाडवाचा कंटाळा पोट भरल्याने येतो. इथे पोट मधे येतच नाही, कारण मासा खायचाच नाही. शिवाय एकही मासा न मिळालेला माणूस कंटाळत नाही आणि दहा मिळालेला कंटाळतो. नियमाने फक्त दहा मिळालेल्याचा कंटाळा कळतो. काहीच हाती न लागता चौथ्या दिवशी येणाऱ्याचं काय करायचं?

मग आपली भिशी आठवा. चिठ्ठी काढायच्या दिवशी सगळ्याजणी वेळेवर येतात. एका वर्षी आम्ही आधीच बाराही महिन्यांचे नंबर लावून टाकले, वाद नकोत म्हणून. पैसे तेवढेच, खाणं तेच, पण तिसऱ्या महिन्यापासून निम्म्या जणी पैसे मुलाच्या हाती पाठवायला लागल्या. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर हेच पाहिलं होतं. किती टोचा मारल्यावर दाणा पडेल याचा नेम नसला की कबुतर टोचा मारतच राहतं. जुगाराच्या यंत्राचं आणि आपल्या हातातल्या मोबाईलचं गणितही त्याच जातीचं. गळवाल्याच्या हौसेत हा वाटा नक्की आहे. 'लागेल की नाही' यात त्याचा जीव अडकलेला असतो.

पण पूर्ण उत्तर तेही नाही. नुसतं 'लागेल की नाही' हवं असेल तर मोबाईलवर मासे धरायचे खेळ फुकट मिळतात. आमच्या शेजारचं लेकरू दिवसभर तेच करतं. खऱ्या गळवाल्याला विचारा, तो हसेल. म्हणेल, त्यात काय मजा? दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोणी ओढत नाही!

इथे त्याच्या तोंडून खरं ते बाहेर पडतं.

आपल्या जिल्ह्यातलंच पाहू. माजलगावच्या धरणात भोई जाळी टाकतात. जाळं जड लागलं की त्यांचा दिवस चांगला गेला. 'आज मासे फार सहज मिळाले, मजा नाही आली' असं म्हणणारा भोई तुम्ही ऐकलाय का? त्याच्या धंद्याची मी भलामण करत नाही, आपल्याला तो करता येणार नाही. पण त्याचा हिशोब सरळ आहे. त्याला मासा हवा, आणि मासा कमी त्रासात मिळाला तर बरं. दुष्काळात तळं आटतं तेव्हा काय होतं तेही आपण पाहिलंय. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. असं पाणी आटत जातं तेव्हा उरल्यासुरल्या डबक्यात सगळे मासे येऊन दाटतात. पोरं ते घमेल्याने, धोतराच्या सोग्याने, नुसत्या हाताने उचलतात. मासा हवा असणाऱ्याला याहून सोपं काही नाही. पण हजारोंची काठी घेऊन मोटारीतून आलेला हौशी माणूस त्या डबक्याशी थांबत नाही. कारण ते मासे अर्धमेले असतात, ओढ घेत नाहीत.

म्हणजे त्याला मासा नको, माशाची ओढ हवी. आणि ओढ म्हणजे काय हो? तोंडात लोखंड रुतलेल्या जिवाची जगण्यासाठी चाललेली धडपड. ज्याला हे लोक 'आव्हान' म्हणतात, 'झुंज' म्हणतात, ती दुसऱ्या बाजूने पाहिली तर एवढीच आहे. मासा जितका जिवाच्या आकांताने ओढणार तितकी मजा जास्त. जाणकार मंडळी तर मुद्दाम बारीक दोरी आणि हलकी काठी घेतात. जाड दोरीने मासा झटकन येतो, त्यात कसब नाही म्हणतात. बारीक दोरीला मासा दमवून दमवून आणावा लागतो. ज्याला खायचं आहे तो धडपड लवकर संपवतो, आणि ज्याला खेळायचं आहे तो ती लांबवतो. 'आम्ही मारत नाही' म्हणणाऱ्याला मग काय म्हणावं, तुम्हीच ठरवा.

कोणी म्हणेल, माशाला कुठे एवढं कळतं. एडिनबर्गच्या शास्त्रज्ञांनी २००३ साली ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि व्हिनेगरमधलं आम्ल टोचून पाहिलं. (हा प्रयोगसुद्धा मला पटणारा नाही, पण झालेला आहे.) ते मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले आणि खाण्याकडे खूप उशिरा वळले. यावर उलट बाजूने वाद घालणारेही शास्त्रज्ञ आहेत. पण माशाच्या ओठाला कळत नाही असं आता सहजपणे म्हणता येत नाही. आपल्या पाठशाळेत तर मासा पंचेंद्रिय जलचर, हे पहिल्याच वर्षी शिकवतात.

आणि हे फक्त आपलंच सोवळं आहे असंही नाही. जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये मासे सर्रास खातात. तरी स्वित्झर्लंडने २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमावलीत, पुन्हा सोडून देण्याच्याच इराद्याने गळ टाकायला बंदी केली. जर्मनीतही खाण्याच्या कारणाशिवाय निव्वळ खेळ म्हणून मासा धरणं कायद्यात बसत नाही. मासे खाणाऱ्या देशांचं म्हणणं असं की खायचं असेल तर धरा, खेळायला धरू नका. आणि आपण, मासा न खाणारे, म्हणतोय की खात नाही ना, मग खेळू द्या!

आपल्या आचार्यांनी ही पळवाट फार पूर्वीच बंद केली आहे. सप्त व्यसनं मनातल्या मनात म्हणा. जुगार, मांस, मद्य, वेश्या, शिकार, चोरी, परस्त्री. मांस आणि शिकार वेगवेगळी मोजली आहेत, पाहिलंत का? शिकार फक्त खाण्यासाठीच असती तर दोन नावं लागली नसती. शिकारीची स्वतःची अशी एक चटक असते आणि ती पोटावर अवलंबून नसते, हे त्यांना माहीत होतं. श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंड म्हणून वेगळं सांगितलंय ते यासाठीच. कारण नसताना केलेली हिंसा. चुलीवर, शेतात, दुकानात जी हिंसा टळत नाही तिची आपण आलोचना करतो. पण पाच दिवसांच्या शिबिराला पैसे भरून केलेल्या हिंसेला कोणतं कारण सांगणार?

तंदुल मत्स्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. महामत्स्याच्या कानात राहणारा तांदळाएवढा मासा. मोठा मासा तोंड उघडं टाकून झोपलेला, लहान मासे आत जातात, बाहेर येतात. आणि हा कानातला बसल्या बसल्या विचार करतो, मी असतो तर एकही सुटू दिला नसता. त्याने एक मासा मारला नाही, एक खाल्ला नाही. तरी सातव्या नरकात गेला, तो फक्त भावामुळे. 'मारत नाहीत ना' हे उत्तर ज्या समाजात ही गोष्ट सांगतात तिथे चालतं तरी कसं?

गळवाले आणखी एक सांगतात, की पाण्याकाठी तासन्‌तास शांत बसणं हे ध्यानच आहे. आयझॅक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने १६५३ साली या छंदावर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून हे चिंतनशील माणसाचं काम समजलं जातं. मला हे नाकारायचं नाही. एकाग्रता असतेच. पण आपल्याकडे ध्यानाचे चार प्रकार सांगितलेत, आणि त्यातलं रौद्रध्यानही ध्यानच आहे. हिंसेत आनंद मानून लागलेली एकाग्रता ही रौद्रध्यानाची पहिलीच जात. मांजरही उंदराच्या बिळापाशी फार शांत बसतं.

आता सोडण्याबद्दल. आपल्या कथाकोशात मृगसेन धीवराची कथा आहे. नव्या मुलींना कदाचित माहीत नसेल. मृगसेन कोळी, मासे धरणं हाच धंदा. वाटेत मुनिराज भेटले, त्यांनी एवढंच व्रत दिलं की जाळ्यात पहिला येईल तो जीव सोडून द्यायचा. त्याने नदीत जाळं टाकलं, मोठा मासा आला. खूण म्हणून त्याला एक चिंधी बांधली आणि सोडला. दुसऱ्या जागी जाळं टाकलं, तोच चिंधीवाला मासा. पुन्हा सोडला. असं पाच वेळा झालं. संध्याकाळ झाली, हात रिकामे. घरी बायकोने दार लावून घेतलं. तो बाहेरच झोपला आणि रात्री साप चावून मेला. पुढच्या जन्मात त्याच्यावर पाच वेळा मरणाचा प्रसंग आला आणि पाचही वेळा तो वाचला.

कॅस्टवेलची आणि ही गोष्ट शेजारी ठेवा. दोघांनाही मासा पुन्हा पुन्हा, न मागता मिळतोय. एकाला त्याचा वीट येतो, कारण मजा गेली. दुसऱ्याला वीट यायला तर खरं कारण होतं, घरात चूल पेटणार नव्हती. त्याने पाचव्यांदा मासा सोडला तेव्हा घरची रात्रीची भाकरी सोडली. शिबिरातलं लेकरू मासा सोडतं तेव्हा काय सोडतं? मजा वसूल झालेली, फोटो निघालेला, आणि आतल्या हॉलमध्ये शुद्ध शाकाहारी ताट वाढलेलं. जे मुळात नकोच होतं ते परत पाण्यात टाकलं. त्याला आपण दया म्हणायला लागलो तर मृगसेनाच्या सोडण्याला काय म्हणायचं?

एका मैत्रिणीने फोनवर चांगला मुद्दा काढला. म्हणाली, या हौशी लोकांमुळेच नद्यांतले महसीरसारखे मासे वाचले, त्यांनीच ते कमी झाल्याची ओरड केली. यात तथ्य आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवून जागोजाग सोडली, तेही मोठं काम आहे. पण पिल्लं वाढवायला आणि नदी राखायला गळ लागत नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. देवीच्या नावाने राखलेला डोह. तिथे कोणी मासा धरत नाही, आणि भले मोठे महसीर खायला टाकलं की अगदी काठाशी येतात. म्हणजे कॅस्टवेलच्या नदीसारखंच, मासा सहज समोर. तरी तिथे येणाऱ्याला कंटाळा येत नाही, लोक लेकराबाळांना घेऊन पिढ्यान्‌पिढ्या जातायत. सोपेपणाने मजा जाते ती फक्त हातात गळ असलेल्याची. नुसतं बघणाऱ्याची जात नाही.

आणि लेकरांना अवघड काहीतरी हवं असतं हे मला पूर्ण मान्य आहे. सगळं आयतं मिळालेलं लेकरू कंटाळतं, ते आपण रोज पाहतो. मग द्या ना अवघड. दोरीवरून चालू दे. पहाटे उठून डोंगर चढू दे. शेततळ्याच्या काठी तासभर काठीशिवाय बसून किती जातीचे पक्षी पाण्यावर उतरले ते वहीत लिहून आणायला सांगा. मोबाईल न बघता ते करून दाखवणं गळ टाकण्यापेक्षा अवघड आहे. अट एकच, अवघडपणाची किंमत त्याची त्याने द्यावी. त्याचे पाय दुखावेत, त्याची झोप मोडावी. दुसऱ्याचा ओठ फाटू नये.

फॉर्म अजून भरला नसेल तर ती ओळ पेनाने खोडा आणि बाजूला सही करा. ज्यांनी ऑनलाइन भरलाय त्यांनी शिबिरवाल्यांना फोन करून सांगा, आमच्या लेकराला त्या वेळात दुसरं काहीतरी द्या. सात-आठ घरांचा फोन गेला की त्यांना ऐकावंच लागतं, गिऱ्हाईक आपण आहोत. एका खेळाचे पैसे कमी करा म्हणून घासाघीस करायची असेल तर ती माझ्याकडे सोपवा.